दोन पन्न्यांचा हवाबंद कट्टा: तूर, बरबटी अन् हरभरा ठेवून पाहिला, दोन हंगामांचा अनुभव

गटातल्या बाया, माहेरच्या वहिन्या, ओळखीचे दोन-तीन कास्तकार, सगळे एकच विचारतात की ते धान्य ठेवायचे, आत प्लास्टिकच्या दोन पन्न्या असलेले हवाबंद कट्टे खरंच कामाचे आहेत का, घेऊ का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. २०२४ च्या फेब्रुवारीत मी चार घेतले होते, यंदा म्हणजे २०२५ मध्ये आणखी सहा घेतले. पन्नास किलोचा एक कट्टा तेव्हा २६० रुपयाला पडला, यंदा २८० ला. साधं पोतं वीस-पंचवीसला मिळते तर एवढे पैसे कशाचे, हा प्रश्न मलाही पडला होता अन् घरात तर पडलाच होता. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात आर्णी तालुक्यात राहतो, पाच एकर कोरडवाहू, पराटीत म्हणजे कपाशीत तुरीचे तास, थोडी जवारी, तिच्यात बरबटी (पुणे-मुंबईकडची चवळी), अन् विहिरीला पाणी राहिलं त्या वर्षी हरभरा. खायचं अन् बियाण्याचं घरचंच, विकायला थोडं. ज्यांच्याकडे शंभर क्विंटल माल आहे त्यांना माझ्या लिहिण्याचा फारसा उपयोग नाही, बाकीच्यांनी वाचा.

घरात कडधान्य ठेवणाऱ्या बाईला भुंगा काय असतो ते सांगायला नको. तूर जानेवारीत घरात येते, होळीपर्यंत काहीच दिसत नाही, पोत्यात हात घातला तर दाणा गार अन् गुळगुळीत लागते, अक्षय तृतीयेनंतर तोच हात पिठानं पांढरा होऊन बाहेर येतो, अन् मृग लागेपर्यंत पोत्याच्या शिवणीतून भुंगे निघून भिंतीवर चालत असतात. मग अंगणात ताडपत्री टाका, उन्हात वाळवा, सूप घेऊन पाखडा, पुन्हा भरा, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. हे सगळं काम बायांचं, अन् ते कुठंच मोजल्या जात नाही. तीन वर्षांआधी माझी तीस किलो बरबटी अशी गेली की कोंबड्यांपुढे टाकावी लागली, त्यातच पेरायचं बियाणं होतं. सासूबाई बियाण्याची बरबटी राखेत ठेवायच्या, खाली राख, वर राख, मधे बरबटी, वर कडुलिंबाचा पाला. ते चालते, पण दोन-चार पायलीला. पोतंभर तुरीला राख आणायची कुठून, आता तर चूल पण अर्धी गॅसवर आली.

गोळ्यांबद्दल माझं मत सरळ आहे, मी घरात येऊ देत नाही. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या हवेतल्या ओलीनं फुटतात, त्यातून फॉस्फिन गॅस निघते, ती भुंग्याला मारते तशी माणसालाही मारते, अन् आमची घरं म्हणजे दोन खोल्या, ज्या खोलीत धान्य त्याच खोलीत लेकरं झोपतात. त्या गोळ्या गोदामासाठी आहेत, माहीत असलेल्या माणसानं, दार बंद करून, कोणी आत नसताना वापरायच्या. इथं मात्र फडक्यात बांधून पोत्यात खुपसतात अन् वर चादर टाकून झोपतात. २०१७ च्या फवारणीत आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली, त्यानंतर तरी विषाची भीती घरात राहावी असं मला वाटते.

तर हा कट्टा माझ्या भाच्यानं आणला. तो अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकते. आत एक जाड पन्नी, तिच्या आत आणखी एक तशीच जाड पन्नी, अन् बाहेरून खताच्या पिशवीसारखा विणलेला कट्टा, बस. औषध नाही, पावडर नाही, मशीन नाही. धान्य आतल्या पन्नीत भरायचं, पन्नीचं तोंड पिळून बांधायचं, मग दुसऱ्या पन्नीचं तोंड पिळून बांधायचं, मग बाहेरचा कट्टा बांधायचा. सासूबाई म्हणाल्या, "हवा कोंडली तं भुंगे मरते काय वो? ते तं दाण्याच्या आत बसून रायते." भाचा म्हणाला, "आजी, तुमच्या माहेरी पेव होतं का?" होतं ना. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा लावलेला, जवारी भरली की वरून माती लिंपून बंद. पेव उघडलं की लगेच कोणी आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडून पाहायचा, विझला तर थांबायचं, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. म्हणजे आतला प्राणवायू संपलेला असते. तेव्हा त्यांनी मान हलवली अन् म्हणाल्या, "मंग हे पन्नीचं पेवच झालं." त्याच दिवसापासून आमच्या घरात ह्या कट्ट्याला पेव म्हणतात.

आता ह्यातलं माझ्या मनाला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. मला वाटलं होतं हे एखाद्या कंपनीनं शहरात बसून काढलं असेल. पण ही युक्ती आफ्रिकेतल्या कॅमेरून देशाच्या उत्तर भागातल्या खेड्यांत, बरबटीसाठी निघाली आहे. आपलीच बरबटी. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातले लॅरी मर्डॉक नावाचे कीटकशास्त्रज्ञ अन् त्यांचे सोबती कॅमेरूनच्या लोकांसोबत कामाला लागले, कारण तिथं पाऊस एकदाच, जून ते सप्टेंबर, बरबटी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरात येते अन् दोन-तीन महिन्यांत तिला भोकं पडतात. भुंगा पण ओळखीचाच, कॅलोसोब्रुकस जातीचा, आपल्या तुरीत-मुगात जो असते त्याच खानदानातला. त्यांनी आधी काय काय करून पाहिलं तर राख! बरबटीत राख मिसळून ठेवायची पद्धत तिथल्या बायांची जुनी होती, तीच त्यांनी सुधारून घेतली. मग उन्हात पन्नीखाली दाणे तापवून भुंगे मारायची पद्धत काढली, अन् तिसरी ही थरांची पिशवी. माझ्या सासूबाईंची राख अन् तिथल्या बायांची राख एकच, हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसली.

तिथली परिस्थिती भाच्यानं सांगितली ती मी पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर आणते. नायजर, कॅमेरून, नायजेरियाचा उत्तर भाग, सगळा कोरडवाहू पट्टा, बाजरीच्या तासात बरबटी, आपल्या जवारीच्या तासात असते तशीच. घरात पैसा नाही म्हणून सुगीतच माल विकायचा, तेव्हा भाव पडलेला, अन् पुढच्या मे-जून-जुलैत घरचं संपलं की तोच माल चढ्या भावानं विकत घ्यायचा. तिकडं फ्रेंच बोलणारे ह्या उपाशी महिन्यांना सूद्यूर म्हणतात, म्हणजे जुनं धान्य संपलं अन् नवं अजून वावरात, तो मधला काळ. आपल्या इकडं आखाडात पूर्वी हेच होतं, म्हातारे सांगतात ना. अन् तिथल्या बाया बरबटी भिजवून, साल काढून, वाटून तिचे वडे तळून बाजारात विकतात, हाउसा भाषेत त्याला कोसाई म्हणतात, कितीतरी घरं त्यावर चालतात. आपल्याकडं बरबटीचे वडे आपण पाहुणे आले की करतो. म्हणजे भुंग्यानं बरबटी खाल्ली तर तिथं एखाद्या बाईचा धंदाच बसते.

बरं, हवा नसली की भुंगा मरते ते कसं, हे मला नीट समजून घ्यायचं होतं, कारण दाण्याच्या आतल्या अळीला हवा किती लागणार असं मला वाटायचं. भुंगा वावरातच शेंगेवर अंडी घालते, आपण तीच अंडी अन् अळ्या पोत्यात भरून घरी आणतो. अळी दाण्यात वाढते, महिनाभरात भुंगा होऊन भोक पाडून बाहेर येते, पुन्हा अंडी, पुन्हा महिना, एकाचे शंभर व्हायला वेळ लागत नाही. कट्टा बांधला की आतले किडे अन् अळ्या श्वास घेऊन घेऊन थोड्या दिवसांत आतला प्राणवायू स्वतःच संपवतात. खाणं थांबते, वाढ थांबते. अन् मर्डॉक यांच्या लोकांनी पुढं दाखवलं ते असं की ते गुदमरून मरण्याआधी तहानेनं मरतात. कोरड्या दाण्यात पाणी नसतेच, किडा आपलं पाणी शरीरात अन्न जाळून तयार करते अन् त्या जाळायला प्राणवायू लागते, प्राणवायू नाही तर पाणी नाही, मग वाळून जाते. हे ऐकल्यावर दुसरी गोष्ट आपोआप कळते की धान्य ओलं असेल तर सगळा खेळ बिघडते.

अन् इथंच मी चुकली, तेही सांगितलंच पायजे. पहिल्या वर्षी चारपैकी एक कट्टा हरभऱ्याचा होता. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात हरभरा निघाला, घाई होती, लग्नाला जायचं होतं, दोन ऊन दिले अन् भरला. जूनमध्ये उघडला तर भुंगा एकही नाही पण कुबट वास, खालच्या थराला बुरशी. पंधरा-सोळा किलो फेकावा लागला. कट्ट्याचा ह्यात दोष नाही, हवाबंद म्हणजे आतली ओल पण बाहेर जाऊ शकत नाही. त्यानंतर भाच्यानं मिठाची परीक्षा शिकवली, ती सगळ्यांनी करा, फुकट आहे. कोरडी काचेची बाटली घ्यायची, पाव बाटली धान्य, वरून एक-दोन चमचे कोरडं मीठ, झाकण लावून जोरात हलवायची अन् दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. मीठ काचेला चिकटलं की धान्य ओलं आहे, पुन्हा उन्हात टाका. मीठ सुटं खाली पडलं की भरा. मी आता दातानं पण पाहते, कट्कन आवाज आला पायजे, पण मिठावर जास्त भरोसा.

भरायची पद्धत पण लिहून ठेवते कारण कट्ट्यावर जे छापलं आहे ते इंग्रजीत अन् हिंदीत बारीक अक्षरात आहे, आमच्या गटातल्या निम्म्या बायांना ते वाचता येत नाही. आधी पन्नी फुगवून तोंड धरायचं अन् दाबून पाहायची, कुठून फुस्स झालं तर ती बाजूला. धान्य पाखडून घ्यायचं, तुराटीचा काटका, शेंगेचं टोक, खडा काही राहिलं तर पन्नीला भोक पडते. थोडं थोडं भरून कट्टा आपटायचा म्हणजे दाणे बसतात, मधे हवा कमी राहते. वर वीतभर तोंड मोकळं ठेवायचं. मग आतल्या पन्नीतली हवा दाबून काढायची, तोंड दोरीसारखं पिळायचं, पिळलेलं दुमडायचं अन् सुतळीनं घट्ट आवळायचं. मग तसंच दुसऱ्या पन्नीचं, वेगळं. दोन्ही पन्न्या एकत्र पिळून बांधायच्या नाहीत, पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनी एका कट्ट्याला तसंच केलं अन् त्याच कट्ट्यात वरच्या थराला थोडे जिवंत भुंगे सापडले. कट्टा भिंतीला लावायचा नाही, जमिनीवर नाही, खाली विटा अन् फळी, वर ऊन येणार नाही अशी जागा. अन् बांधला की निदान दोन महिने हात लावायचा नाही. रोज उघडून पावशेर काढणार असाल तर पैसे वाया, हवा परत आत जाते. खायला काढायची तूर वेगळी डब्यात ठेवा, कट्टा उघडला की तो पूर्ण घरात घ्या किंवा डाळ करून टाका.

बरबटीच्या कट्ट्याची गोष्ट वेगळी सांगावी लागते. ती भरली तेव्हा फेब्रुवारी होता, म्हणजे बरबटीला भुंगा आधीच लागला होता, मूठभर घेतली तर तीन-चार दाण्यांना भोक. सगळे म्हणाले हिला ठेवून काय फायदा. मी मुद्दाम ठेवली. भाच्यानं सांगितलं होतं की आफ्रिकेत २००७ पासून ह्या पिशवीचा प्रसार दहा देशांत झाला, गेट्स फाउंडेशनचा पैसा होता, अन् प्रसार भाषणानं नाही केला तर गावात सगळ्यांसमोर धान्य भरायचं, बांधायचं, कोणाच्या तरी घरी ठेवायचं अन् चार-सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांसमोर उघडायचं. लोक स्वतःच्या डोळ्यानं पाहत. मला ते पटलं. आम्ही पण पोळ्याच्या आधल्या आठवड्यात गटाच्या बैठकीत बरबटीचा अन् तुरीचा कट्टा समाजमंदिरात नेला अन् तिथंच उघडला. शेजारी तीच तूर साध्या पोत्यातली ठेवली होती. साध्या पोत्यातली सूपात ओतली तर सूपभर भुंगे पळायला लागले. कट्ट्यातली ओतली, शांत. बरबटीच्या तळाशी वाळलेले मेलेले भुंगे होते, मुठीत घेतली तर भोकाचे दाणे तेवढेच, तीन-चार, सहा महिन्यांत एक पण वाढला नाही. आतल्या पन्नीला मात्र बारीक भोकं होती, सुईनं टोचल्यासारखी, भुंग्यांनी मरायच्या आधी पाडलेली, अन् दुसरी पन्नी साबूत. तेव्हा सगळ्यांना कळलं की दोन पन्न्या कशाला. आमच्या शेजारच्या मावशी, ज्यांनी आयुष्यभर भुंगे पाखडले, त्या सूप हातात घेऊन एवढंच म्हणाल्या, "माय, मले कोणं आधी काहून नाई सांगतलं."

उगवण पण तपासली. ओल्या बारदान्यात शंभर दाणे गुंडाळून ठेवले, कट्ट्यातल्या तुरीचे ८८ उगवले, साध्या पोत्यातले ५१. ही माझ्या घरची मोजणी आहे, प्रयोगशाळेची नाही, पण मला पेरायला पुरे. गेल्या साली तुरीचं बियाणं मी विकत आणलं नाही.

आता तक्रारी, कारण सगळंच चांगलं लिहिलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिली अन् मोठी तक्रार म्हणजे मिळतच नाहीत. आमच्या गावापासून तालुक्याला बस दिवसातून दोनदा, तिथल्या कृषी केंद्रांत विचारलं तर अर्ध्यांना नाव माहीत नाही, एकानं साध्या पोत्याच्या आत एक पातळ पन्नी टाकलेली बॅग दाखवली अन् म्हणाला हेच आहे ताई, दीडशेला घेऊन जा. ती मी घेतली नाही पण आमच्या गटातल्या एका बाईनं दोन घेतल्या अन् एप्रिलमध्येच मूग पोखरला, अन् आता ती म्हणते हवाबंद बिवाबंद सगळं फसवणूक आहे. अशा एका बॅगेमुळे दहा बायांचा विश्वास उडते. घेताना दोन पन्न्या वेगवेगळ्या हातानं मोजून घ्या, पन्नी हातात चोळून पाहा, जाड अन् कडक पायजे, किराण्याच्या कॅरीबॅगसारखी मऊ असली तर परत द्या. आफ्रिकेत पण हाच अडथळा सांगतात, पिशव्या कारखान्यात तयार होतात पण खेड्यातल्या छोट्या दुकानापर्यंत पोचत नाहीत, रस्ता खराब, दुकानदार म्हणतो खपतील का माहीत नाही, कास्तकार म्हणते मिळत नाही. आमच्याकडं तेच. मी यंदाचे सहा शेवटी यवतमाळहून आणले, येण्या-जाण्यात अख्खा दिवस अन् तिकिटाचे पैसे, म्हणजे कट्टा खरंतर तीनशेच्या वर पडला.

दुसरी तक्रार उंदीर. कट्टा भुंग्यासाठी आहे, उंदराला पन्नीचं काही नाही. यंदा एक कोपरा कुरतडला, दोन्ही पन्न्या फाटल्या, तो कट्टा बाद झाला, तूर वेळेवर दिसली म्हणून वाचली. मांजर पाळा किंवा पत्र्याच्या कोठीत कट्टा ठेवा, आम्ही आता कोठीतच ठेवतो. तिसरी, पंचवीस किलोचा मिळत नाही. ज्या घरात बरबटी, मूग, उडीद, वाल, सगळं दहा-दहा, पंधरा-पंधरा किलो असते त्या घरात पन्नासचा कट्टा अर्धा रिकामा राहते, मग पन्नी खूप पिळावी लागते. आम्ही वेगवेगळे दाणे छोट्या कापडी थैल्यांत भरून एकाच कट्ट्यात रचतो, चालते, पण कंपनीनं छोटा काढावा. टिकाऊपणा बरा आहे, पहिल्या चारपैकी तीन दुसऱ्या वर्षी वापरले, एकाला आतली पन्नी बदलायची होती पण नुसती पन्नी कोणी विकत नाही, ते चुकीचं आहे.

पैशाचं बोलू. खायच्या तुरीत अन् बियाण्यात कट्ट्याचे पैसे पहिल्याच वर्षी निघाले, त्या वर्षी किराण्यात तूर डाळ दीडशेच्या वर होती अन् आमच्या घरात जुन्याच तुरीची डाळ शिजत होती. पण "ठेवा अन् भाव आला की विका" असं जे सांगतात त्याच्यापासून सावध राहा. २०२४ च्या पावसाळ्यात तूर दहा हजारांच्या वर होती, ज्यांनी ठेवली त्यांचं भलं झालं. ते पाहून यंदा मी तीन क्विंटल ठेवली. जानेवारीत सात हजारांच्या आसपास होती, २०२४-२५ चा हमीभाव ७,५५० होता, अन् २०२५ च्या मे मध्ये बाजार त्या जानेवारीच्याही खाली होता. माझी तूर कट्ट्यात जशीच्या तशी आहे, एक दाणा खराब नाही, पण भाव कट्ट्यात बांधून ठेवता येत नाही.

भाव का पडला विचारलं की बाजारात सगळे म्हणतात, आफ्रिकेची तूर आली. माझा मामेभाऊ मुंबईत डाळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाला आहे, मोझांबिकला दोनदा जाऊन आला. तो म्हणाला, ताई, तिथले कास्तकार तुझ्यासारखेच आहेत गं, एक-दोन एकर, मक्यात तूर, बैल पण नाही, कुदळीनं शेती. झांबेझिया अन् नांपुला प्रांतात तूर होते, स्वतः फार खात नाहीत, भारतासाठीच पिकवतात. ऑगस्ट-सप्टेंबरात काढणी, पावसाआधी ट्रक निघायला पायजे कारण पाऊस लागला की रस्ता बंद, म्हणून व्यापारी देईल तो भाव, मग नाकाला अन् बेइरा बंदरातून जहाजानं आपल्याकडं, नेमकी आपली तूर निघायच्या आधी. २०१६ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्याशी करार केला, आमच्यासाठी डाळ पिकवा, एक लाख टनांपासून वाढवत दोन लाख टनांपर्यंत घेऊ. लोकांनी पेरली. अन् २०१७ च्या ऑगस्टमध्ये, इकडं आपलंच उत्पादन भरपूर झालं होतं, तर आयातीवर मर्यादा घातली. तिकडं भाव कोसळला. मलावीतही तसंच, तिथं तुरीला नांदोलो म्हणतात, टांझानियात म्बाझी. मग २०२१ मध्ये आयात पुन्हा मोकळी केली, तेव्हापासून मुदत वाढतच गेली, अन् इकडं आमचा भाव पडला.

मला पूर्वी आफ्रिकेची तूर म्हटलं की राग यायचा. आता राग येतो पण तो तिथं तूर पिकवणाऱ्या बाईवर येत नाही. तिला २०१७ मध्ये जे झालं ते मला २०२५ मध्ये होऊन राहिलं, दिल्लीतल्या एका कागदानं कधी ती मरते कधी मी.

ठेवायची तर कर्ज फेडायची घाई नसावी, खरी अडचण ती आहे. सुगीत सोसायटीचं, दुकानदाराचं, लग्नाचं सगळं अंगावर येते म्हणून विकावं लागते, भुंगा नंतरचा. नायजरमध्ये ह्यावर वॉरंटाज नावाची पद्धत आहे, कास्तकार मिळून गावच्या गोदामात धान्य ठेवतात, गोदामाला दोन कुलुपं, एक किल्ली गटाकडे अन् एक कर्ज देणाऱ्या संस्थेकडे, धान्याच्या तारणावर कर्ज मिळते, भाव आला की विकून फेडायचं. ऐकल्यावर वाटलं केवढं चांगलं, मग कळलं आपल्याकडं पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे, बाजार समितीत माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. आमच्या गावात मी दहा जणांना विचारलं, दोघांना माहीत होतं. पण चार क्विंटल तूर घेऊन बाजार समितीपर्यंत ट्रॅक्टर भाड्यानं न्यायचा अन् तिथं गोदाम भरलेलं असेल तर परत आणायची, हे परवडत नाही. गावातच दोन कुलुपांची खोली पायजे. आमच्या गटानं समाजमंदिरामागची खोली मागितली आहे, ग्रामसभेत विषय ठेवला आहे, ह्या महिन्यात पुन्हा ठेवणार.

तर घ्यायचा का, माझं उत्तर हो. बियाण्यासाठी डोळे झाकून घ्या, वर्षभराच्या डाळीसाठी घ्या, बरबटी-मूग-उडदासाठी तर घ्याच. तांदूळ-गव्हाला मी वापरला नाही, त्यामुळे बोलत नाही. धान्य वाळवायला वेळ नसेल तर घेऊ नका, खराब करून बसाल. पाचपैकी चार देते, एक कापला तो मिळत नाही अन् मराठीत कुठंच काही छापलं नाही म्हणून. कोणाला बांधायचं जमत नसेल तर आमच्या गटात या, पंधरा मिनिटांत शिकवते, सुतळी घरून आणा.

यंदाच्या सहापैकी एक कट्टा पेरणीच्या तुरीचा आहे, फेब्रुवारीच्या २० तारखेला बांधला, वर तारीख लिहून ठेवली आहे. सासूबाई रोज त्याच्यापाशी जाऊन कान लावतात, म्हणतात आत किडा असता तर कुरकुर ऐकू आली असती. मृगाचा पाऊस पडला की उघडू अन् किती उगवलं ते कळवते.